झोकांडणारा उंदीर आणि जागा चुकलेल्या पेशी

इतिहासाच्या शिक्षकाने मेंदूवर लेख का लिहावा, असा प्रश्न माजी विद्यार्थ्यांना पडेल. एका पालकभेटीच्या दिवशी एका मातेने मला बाजूला बोलावून विचारले होते, “सर, माझ्या पोटातच काही खोट असेल का?” तिच्या धाकट्या मुलाला फेफरे येत, आणि घरातली मंडळी तिलाच बोल लावीत. मला तेव्हा उत्तर देता आले नाही. पुढे या विषयावर जे वाचले, त्यातील एका उंदराची हकिकत येथे सांगतो.

1948 साली स्कॉटलंडमधील एडिनबरो येथे, आनुवंशिकीच्या संशोधनासाठी पाळलेल्या उंदरांत काही पिल्ले निराळी निघाली. दोनेक आठवड्यांची झाल्यावर ती चालताना झोकांड्या खात आणि मागचा भाग न सावरल्याने कुशीवर कोसळत. डग्लस फॅल्कनर यांनी 1951 साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नाव दिले ‘रीलर’, म्हणजे झोकांडणारा. ते ज्या ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’मध्ये छापून आले, त्याचे संपादक होते जे. बी. एस. हॉल्डेन. 1957 साली हॉल्डेन भारतात आले आणि हे नियतकालिकही त्यांच्यासोबत आले. आज ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीकडे आहे. विषयांतर झाले खरे, पण इतिहासाच्या माणसाला अशा नोंदी सोडवत नाहीत.

या उंदरांच्या मेंदूत दोष ठळक होता. तोल सांभाळणारे अनुमस्तिष्क लहान राहिलेले, त्यावरच्या घड्या जवळजवळ नाहीशा झालेल्या. मोठ्या मेंदूच्या बाह्यकातील पेशींचे थरही विस्कटलेले. हे थर मुळात कसे रचले जातात, ते पाहू. बाह्यकातील बहुतेक चेतापेशी तेथे जन्मत नाहीत. गर्भाच्या मेंदूच्या आतील पोकळीलगत त्या निर्माण होतात आणि तेथून बाहेरच्या पृष्ठभागाकडे प्रवास करतात. 1961 साली अँजेव्हाइन आणि सिडमन यांनी किरणोत्सारी खुणेच्या साहाय्याने उंदरांतील या पेशींची जन्मवेळ निश्चित केली. त्यातून दिसले, की आधी जन्मलेल्या पेशी खोलवर बसतात आणि नंतर जन्मलेल्या पेशी त्यांना ओलांडून वर जातात.

आपल्या वसतिगृहातील संध्याकाळची वंदना आठवा. समजा, आधी आलेली मुले दाराजवळच बसली आणि उशिरा येणारी त्यांच्यामधून वाट काढीत समोरच्या भिंतीपर्यंत गेली. निरोगी मेंदूतील क्रम असाच असतो. दार म्हणजे आतील पोकळी आणि भिंत म्हणजे पृष्ठभाग. रीलरमध्ये उशिरा येणाऱ्यांना वाट काढताच येत नाही. ती दाराशीच अडतात आणि आधी आलेली भिंतीकडे ढकलली जातात. परिणामी थरांचा क्रम ढोबळमानाने उलटा होतो. प्रत्यक्षात सरमिसळही पुष्कळ असते. थर म्हटले की आपल्या मनात लगेच उतरंड उभी राहते. येथे तसे काही नाही. वरचा थर श्रेष्ठ आणि खालचा कनिष्ठ, असा भेद मेंदूला ठाऊक नाही.

मग वाट अडते कशाने? याचा उलगडा 1995 साली झाला, तोही काहीसा योगायोगाने. अमेरिकेत टॉम करन यांच्या प्रयोगशाळेत वेगळ्याच हेतूने उंदरांत एक परका जनुक घातला होता. तो नेमका रीलरच्या जनुकात जाऊन रुतला आणि तो जनुक निकामी झाला. झोकांडणारी पिल्ले तेथेही जन्मली. या खुणेवरून मूळ जनुक हाती लागला. तो ज्या प्रथिनाची कृती देतो, त्याला ‘रीलिन’ म्हणतात. वाढत्या बाह्यकात ते पृष्ठभागालगतच्या काहाल-रेट्झियस पेशी स्रवतात. म्हणजे भिंतीशी बसलेले कोणी इशारा देत असते; रीलरमध्ये तो इशाराच नाही. तो ‘पुढे या’ असा असतो की ‘येथे थांबा’ असा, यावर शास्त्रज्ञांत बराच वाद झाला आहे.

मला सर्वाधिक विचारात पाडले ते पुढच्या निरीक्षणाने. रीलरच्या जागा चुकलेल्या पेशी आपली ओळख विसरत नाहीत. दृष्टीशी संबंधित पेशी भलत्या खोलीवर असूनही डोळ्यांकडून येणारे संदेश त्यांच्यापर्यंत पोहोचतात आणि त्या रेषेची दिशाही ओळखतात. दूरवरून येणारे तंतू वाकडी वाट करून योग्य पेशीला गाठतात. मात्र प्रत्येक वेळी इतके निभावत नाही. 1997 साली वर्णिलेल्या ‘टिश’ नावाच्या रॅटमध्ये बाह्यकाखाली पेशींचा दुसराच पट्टा साचतो आणि त्या प्राण्यांना फेफरे येतात.

माणसातही रीलिनचा जनुक आहे, सातव्या गुणसूत्रावर. त्यातील बिघाडाने मेंदू गुळगुळीत व अनुमस्तिष्क खुरटे राहते, मुलाची वाढ फार मागे पडते, फेफरे येतात. 2000 साली हे प्रथम दाखवले गेले, ते जवळच्या नात्यात विवाह झालेल्या कुटुंबांत. हा आजार अप्रभावी जनुकाचा आहे. बिघडलेली एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून आली, तरच तो होतो. दोघेही स्वतः निरोगी असतात आणि प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक असते. आईचा वाटा आणि वडिलांचा वाटा तंतोतंत सारखा. मामेबहिणीशी लग्नाची चाल असलेल्या आपल्या समाजाने हे गणित समजून घ्यायला हवे.

त्या मातेच्या मुलाला हाच आजार असेल, असे मी म्हणत नाही. हा फार दुर्मीळ आहे, आणि फेफऱ्याची कारणे तर अनेक असतात: जन्मवेळी कमी पडलेला प्राणवायू, डोक्याला मार, मेंदूतील संसर्ग. मुलाला दोन ठिकाणी अंगारा लावून झाला होता, मेंदूचा एमआरआय मात्र एकदाही झाला नव्हता. पुढच्या भेटीला मी मुलाच्या वडिलांनाही सोबत बोलावले.