मंडळीच्या वहीतील तीन रकाने

वाचावयाचे शास्त्रभाग : नहेम्या, अध्याय 3, मत्तय 25:14-30, मार्क 12:38-44, 2 करिंथ 8:1-21.



मी एका लहान खेड्यातील मंडळीत शिक्षक होतो, आणि मंडळीच्या जमाखर्चाची वहीही माझ्याच हाती होती, त्या वेळची ही गोष्ट आहे. कापणीच्या सणाच्या दिवशी लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे बाजरी, हरभरा, भोपळे, कोंबड्या, अंडी असे जिन्नस देवापुढे आणून ठेवले. उपासना आटोपल्यावर त्यांचा लिलाव झाला. नंतर मी उभा राहून कोणी किती दिले याची यादी मोठ्याने वाचून दाखविली. ज्याचे दान मोठे त्याचे नाव अगोदर, असा क्रमही मीच लावला होता. लोकांस उत्तेजन यावे, एवढाच माझा हेतू होता.

त्यानंतर तीन रविवार एक शेतमजूर बंधू उपासनेस दिसला नाही. मी चौकशीस गेलो तेव्हा तो कामावर गेला होता. त्याच्या पत्नीने मला बसावयास घोंगडी टाकली, पाणी दिले, आणि थोडा वेळ उगी राहून ती म्हणाली, "गुरुजी, ज्याचं नाव वाचलं न्हाई, त्यानं देवळात बसावं कुठं?" त्या वर्षी पाऊस कमी, म्हणून मजुरीही कमी, त्यांनी सणास काही आणले नव्हते. मला उत्तर सुचले नाही. परंतु वाटेने परत येताना मला आठवले की, पावसाळ्यापूर्वी आपल्या देवळाची पडलेली भिंत याच मनुष्याने चार दिवसांची मजुरी बुडवून उभी केली होती. दगड त्यानेच वाहिले, चिखल त्यानेच कालविला. माझ्या वहीत त्या चार दिवसांची एक ओळही नव्हती. वहीला रकाना एकच होता, आणि तो पैशाचा होता.

ख्रिस्ती कारभारीपणाविषयी आपण पुष्कळ बोलतो. परंतु आपली वही एका रकान्याची असेल तर आपला उपदेशही एका रकान्याचाच होतो. म्हणून आज आपण शास्त्राच्या आधाराने तीन रकान्यांचा विचार करू : वेळ, गुण आणि दान.

कारभारी कोण?

कारभारी म्हणजे मालक नव्हे. जो शेतकरी दुसऱ्याची जमीन वाट्याने करितो, त्यास ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तो नांगरतो, पेरतो, राखण करितो; परंतु जमीन आपली नव्हे, आणि खळ्यावर हिशेब द्यावयाचा आहे, हे तो एक दिवसही विसरत नाही. पृथ्वी व तिच्यातील सर्व काही परमेश्वराचे आहे, असे 24 व्या स्तोत्राच्या आरंभी सांगितले आहे. तेव्हा माझे किती व देवाचे किती, हा कारभाऱ्याचा प्रश्नच नव्हे. सर्वच धन्याचे आहे. मी ते कसे वापरितो, एवढाच प्रश्न उरतो. आणि 1 करिंथ 4:2 मध्ये पौल कारभाऱ्याच्या ठायी एकच गुण पाहतो. तो विश्वासूपणा होय. श्रीमंती नव्हे, विद्वत्ताही नव्हे.

मत्तयाच्या 25 व्या अध्यायातील दृष्टांत आपणांस पाठ आहे. एका दासास पाच, दुसऱ्यास दोन व तिसऱ्यास एक तालांत मिळाला. ज्याला एकच मिळाला त्याला फारच थोडे मिळाले, असे आपण समजतो. आणि खेड्यातील मनुष्य, मी तोच एकवाला, असे म्हणून स्वस्थ बसतो. परंतु तालांत म्हणजे काय हे पाहा. ते चांदीचे एक मोठे वजन होते, आणि त्याची किंमत सुमारे 6000 दिनार होती. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे मत्तय 20:2 वरून कळते. वर्षाकाठी 300 दिवस काम मिळाले असे धरिले, तर एक तालांत म्हणजे मजुराची 20 वर्षांची कमाई होते! धन्याने ज्याला सर्वांत कमी दिले, त्यालाही एवढे दिले. त्या दासाचा दोष त्याला कमी मिळाले हा नव्हता. जे मिळाले ते त्याने मातीत पुरिले, हा होता.

पहिला रकाना : वेळ

नहेम्याचा तिसरा अध्याय वाचताना पुष्कळांस कंटाळा येतो, कारण त्यात नावांवाचून दुसरे काही दिसत नाही. परंतु माझ्या यादीत आणि त्या यादीत किती अंतर आहे! कोणी किती पैसे दिले हे तेथे लिहिले नाही. कोणी भिंतीचा कोणता भाग बांधिला हे लिहिले आहे. आरंभी मुख्य याजक व त्याचे भाऊबंद कामास लागले. सोनार आले, गंधी आले. शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुलींनीही काम केले (वचन 12). कित्येकांनी आपल्या घरासमोरचाच भाग दुरुस्त केला. तकोवाच्या लोकांनी काम केले, परंतु त्यांच्यातील थोरांनी या कामास मान वाकविली नाही, हेही पवित्र शास्त्राने लिहून ठेविले आहे (वचन 5). अशा रीतीने 52 दिवसांत यरुशलेमेचा तट पुरा झाला (6:15).

यावरून दोन गोष्टी शिकाव्या. पहिली उपदेशक व शिक्षक यांजकरिता आहे. याजक आधी उठले, मग लोक उठले. जो उपदेशक आजाऱ्याच्या उशाशी घटकाभर बसत नाही, त्याने वेळ देण्याविषयी कितीही उत्तम उपदेश केला तरी तो ऐकणाराच्या कानापलीकडे जाणार नाही. दुसरी गोष्ट सर्वांकरिता आहे. मजुराचा दिवस ही त्याची भाकर होय. त्याने चार दिवस दिले तर चार दिवसांची चूल दिली. म्हणून गरिबाकडून फुकट काम करून घ्यावे आणि सुखवस्तू माणसाने दोन रुपये देऊन मोकळे व्हावे, हा न्याय नव्हे. तसेच जी बहीण पहाटे सर्वांच्या आधी उठते व रात्री सर्वांच्या मागून निजते, तिच्या वेळावर आणखी ओझे घालण्यापूर्वी घरातील पुरुषांनी तिचे थोडे ओझे उचलावे. तेही मंडळीचेच काम होय.

दुसरा रकाना : गुण

गुण म्हणजे केवळ व्याख्यान देणे किंवा पेटी वाजविणे नव्हे. निवासमंडपाच्या कामाकरिता देवाने बसालेलास आपल्या आत्म्याने भरिले, ते कशाकरिता? सोने, रुपे, पितळ, रत्ने व लाकूड यांवर कारागिरी करण्याकरिता (निर्गम 31:1-5). ज्या स्त्रियांच्या हाती कसब होते त्यांनी सूत कातून आणिले (35:25). यापो गावची दुर्कस विधवांकरिता वस्त्रे शिवीत असे, ती मेली तेव्हा विधवांनी रडत रडत तीच वस्त्रे पेत्रास दाखविली (प्रे. कृत्ये 9:39). सुतार, गवंडी, शिंपी, लोहार, सुईण यांच्या हातांतही देवाचे देणे आहे.

आपल्या महाराष्ट्रातील मंडळीस याची साक्ष लांब शोधावी लागत नाही. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. ते आपले कवित्व मागे टाकून आले नाहीत; अभंग व कीर्तन ही मराठी मातीची देणगी त्यांनी ख्रिस्ताच्या चरणी वाहिली, आणि 1919 साली ते वारले तरी त्यांची भजने मंडळ्यांत गाइली जातात. पंडिता रमाबाईंनी आपले आयुष्याचे शेवटचे दिवस पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरास दिले. साध्या बायाबापड्यांस समजेल असे शास्त्र मराठीत असावे, म्हणून त्यांनी इब्री व हेल्लेणी भाषांचा अभ्यास केला, आणि केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनी छापखान्याचे काम शिकून ते छापिले. 1922 साली रमाबाई निवर्तल्या, तेव्हा भाषांतराचे काम पुरे झाले होते. येथे ध्यानात धरा की, रमाबाईंची विद्या आणि खिळे जुळविणाऱ्या मुलीची बोटे, या दोहोंवाचून तो ग्रंथ झाला नसता.

तिसरा रकाना : दान

पैशाचा रकाना खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो एकटा असू नये, एवढेच म्हणतो. मंडळीस दिव्याचे तेल लागते, पाळकास पोट आहे, आणि आपला भार दुसऱ्याने सदा वाहावा अशी इच्छा कोणत्याही मंडळीने धरू नये. यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांकरिता पौलाने वर्गणी जमविली, तेव्हा मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः अत्यंत दरिद्री असता त्यांनी, आम्हांसही यात भाग घेऊ द्या, अशी विनंती केली (2 करिंथ 8:1-4). देणे हा त्यांनी दंड मानिला नाही, मान मानिला. गरिबाला देऊ न देणे, हाही त्याचा अपमानच होय.

मिझोरामच्या डोंगरांत प्रेस्बिटेरियन मंडळ्यांतील बायका स्वयंपाकाच्या वेळी तांदळाची एक मूठ देवाकरिता बाजूस काढितात. ही चाल 1910 च्या सुमारास सुरू झाली, तेव्हा त्या घरांत रोख पैसा विरळाच होता. आठवड्याचे तांदूळ गोळा करून विकावयाचे व ती रक्कम देवाच्या कामास लावावयाची, अशी ही साधी रीत आजही चालू आहे. आपल्या इकडेही कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेस खेड्यापाड्यांतील आयाबहिणींनी मुठीमुठीने धान्य देऊन गरीब मुलांचे शिक्षण चालविले. मूठ लहान असते, परंतु ती दररोज उघडते. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी थोडेथोडे बाजूस ठेवावे, असा पौलाचाही सल्ला आहे (1 करिंथ 16:2).

आता विधवेच्या दानाकडे या. तिने टाकलेल्या दोन टोल्या मिळून दिनाराचा 64 वा भाग होत असे. म्हणजे एका दिवसाच्या मजुरीत तसली 64 दाने बसली असती. तिच्याजवळ दोन टोल्या होत्या; एक ठेवून एक टाकिली असती तरी अर्धे धन दिल्यासारखे झाले असते. तिने दोन्ही टाकिल्या. परंतु उपदेशक बंधूंनो, हा उतारा 41 व्या वचनापासून सुरू करू नका; 38 व्यापासून करा. विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांस प्रभूने आधी दोष दिला, आणि मग ती विधवा दाखविली. जो गरिबाच्या शेवटच्या पैशावर डोळा ठेवून ही गोष्ट सांगतो, तो विधवेच्या पंक्तीस नव्हे, शास्त्र्यांच्या पंक्तीस बसतो. मनाची उत्सुकता असली तर जवळ आहे त्या मानाने दान मान्य होते, नाही त्या मानाने नव्हे, हे पौलाचे तत्त्व (2 करिंथ 8:12) दर सणास आठवावे.

हिशेब कसा ठेवावा?

येथे कोणी विचारील, उजव्या हाताचे दान डाव्या हातास कळू नये असे प्रभूने सांगितले असता वही तरी कशास पाहिजे? उत्तर असे की, देणाराचे नाव झाकावे, परंतु घेणाराचा हिशेब झाकू नये. पौलाने वर्गणी पोहोचविण्याकरिता आपल्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला मनुष्य घेतला, कारण त्याला प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही चोख राहावयाचे होते (2 करिंथ 8:19-21). म्हणून पैसा दोघांनी मिळून मोजावा, एकूण जमा व एकूण खर्च दर महिन्यास मंडळीपुढे वाचावा, आणि कोणी किती दिले हे कधीही वाचू नये.

मी दुसऱ्या दिवशी शेतावर जाऊन त्या बंधूची क्षमा मागितली. तो ओशाळून म्हणाला, "असू द्या, गुरुजी." पुढच्या सणास मी नावांची यादी केली नाही. एकूण धान्य व एकूण रुपये सांगितले, आणि त्याच दमात सांगितले की, या वर्षी भिंत उभी राहिली, दर शनिवारी जमीन सारवली गेली, दोन मुले वाचावयास शिकली, व एका आजाऱ्याजवळ अकरा रात्री कोणी ना कोणी जागले. हेही देवापुढे आलेले दान आहे. नाव कोणाचेच घेतले नाही. तो बंधू त्या दिवशी आला होता, आणि आपण बांधलेल्या भिंतीस पाठ टेकून बसला होता.

मननासाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीत ज्याचे काम कोणाच्याच ध्यानात येत नाही, असा मनुष्य कोण आहे?
2. आपला एक तालांत कोणता? तो वापरात आहे की मातीत आहे?
3. या आठवड्यातील कोणता एक तास आपण दुसऱ्याकरिता राखून ठेवाल?
4. आपल्या मंडळीचा जमाखर्च मागे केव्हा वाचला गेला? तो पुन्हा केव्हा वाचावयाचा, हे पंचांनी या रविवारीच ठरवावे.