जन्मतारीख कशी लिहावी?

भिवंडीतील एखादे पालक मुलाचा अर्ज संगणकावर भरताना जन्मतारीख ०५/०६/२०१२ अशी लिहितात. आपल्या रीतीने ती ५ जून होय. परंतु अमेरिकन रीतीने वाचणारा संगणक तीच ६ मे समजतो आणि मुलाचे वय निमूटपणे बदलते. १३/०६ असे लिहिले असते, तर तेरावा महिनाच नसल्यामुळे चूक बहुधा तेथेच उघडकीस आली असती. दिवसाचा अंक बारापर्यंत असला म्हणजेच घोटाळा लपतो. याकरिता १९८८ साली आयएसओ ८६०१ हा आंतरराष्ट्रीय नियम झाला: प्रथम वर्ष, मग महिना, शेवटी दिवस, जसे, २०१२-०६-०५. अर्ज रचणाराने रकाने निराळे ठेवावेत व महिना अक्षरांत दाखवावा. भरणाराने तो वाचल्यावाचून अर्ज धाडू नये.