दोन विजय आणि एक सरासरी

दोन फलंदाजांत श्रेष्ठ कोण, असा प्रश्न निघाला की वाद घालणारे बहुधा सरासरीचा आधार घेतात. परंतु सरासरी म्हणजे भागाकाराचे उत्तर होय. भाज्य आणि भाजक किती मोठे होते, हे त्या उत्तरावरून कळत नाही. विजय मर्चंट आणि विजय हजारे यांचे आकडे या दृष्टीने बोधप्रद आहेत.

मर्चंट यांनी १९३३ ते १९५१ या काळात १० कसोटी सामन्यांतील १८ डावांत ८५९ धावा केल्या. ते एकदाही नाबाद राहिले नाहीत. सरासरी ४७.७२. सांगलीत जन्मलेल्या हजारे यांनी १९४६ ते १९५३ या काळात ३० सामन्यांतील ५२ डावांत, ६ वेळा नाबाद राहून, २,१९२ धावा केल्या. सरासरी ४७.६५. अंतर अवघे ०.०७.

क्रिकेटमध्ये धावांना डावांच्या नव्हे, तर बाद होण्याच्या संख्येने भागतात. म्हणून हजारे यांचा भाजक ५२ नसून ४६ आहे. डावांनी भागल्यास त्यांची सरासरी ४२.१५ वर उतरते. पण नाबाद डाव हा अपुरा राहिलेला डाव असतो. तो पुरा झाला असे मानणे न्यायाचे नव्हे.

आता दुसरी परीक्षा करून पाहू. नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीला, इंग्लंडविरुद्धच्या एकाच डावात मर्चंट यांनी १५४ आणि हजारे यांनी नाबाद १६४ धावा केल्या. दोघांचीही कसोटीतील ही सर्वोच्च खेळी. ती वगळली, तर मर्चंट ४१.४७ वर येतात आणि हजारे ४४.०९ वर. एका खेळीने क्रम उलटतो, कारण १८ डावांचा आधार तोकडा आहे.

तो तोकडा का राहिला? १९३६ नंतर भारत थेट १९४६ मध्ये कसोटी खेळला. मर्चंट यांच्या वयाची चोवीस ते चौतीस ही वर्षे त्यात गेली. अमेरिकेतील बेसबॉलपटू टेड विल्यम्स आणि जो डिमॅजिओ यांचे आकडे तोलतानाही युद्धसेवेत गेलेले १९४३ ते १९४५ हे तीन मोसम ध्यानात घ्यावे लागतात. शिवाय मर्चंट यांचे दहाही सामने इंग्लंडविरुद्ध झाले. हजारे यांनी ऑस्ट्रेलिया, वेस्ट इंडीज व पाकिस्तान यांनाही तोंड दिले. १९४८ मध्ये अ‍ॅडलेडला ब्रॅडमन यांच्या संघाविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके केली.

प्रथम श्रेणीच्या सामन्यांत मात्र चित्र पालटते. तेथे मर्चंट यांची सरासरी २३४ डावांत ७१.६४, तर हजारे यांची ३६७ डावांत ५८.३८ आहे. इतक्या डावांनंतर १३ धावांचे अंतर एखाद्या खेळीने पुसले जात नाही.

तेव्हा कसोटीच्या आकड्यांवरून या दोघांत डावे-उजवे करता येत नाही. प्रथम श्रेणीच्या आकड्यांवरून मर्चंट यांचे पारडे जड ठरते. सरासरी वाचण्यापूर्वी डाव मोजावेत, हाच यातील धडा.