थांबल्यावर गाठणारी थंडी

प्रश्न : डिसेंबरात मित्राबरोबर रात्री कळसूबाई चढायचा बेत आहे. चालताना अंग तापतंच, मग जास्तीचे कपडे कशाला?

उत्तर : अंग तापतं हे खरं, पण धोका तिथूनच सुरू होतो. पायथ्याच्या बारी गावातून निघाल्यावर चढाने सुती टी-शर्ट घामाने चिंब होतो. मग १६४६ मीटर उंचीच्या उघड्या माथ्यावर सूर्योदयाची वाट पाहत बसलात, की वारा त्या ओल्या कापडातून अंगातली ऊब ओढून घेतो. पारा १० अंशांवर असला, तरी हुडहुडी भरते. म्हणून दमाने चढा, माथ्यावर पोहोचताच कोरडा टी-शर्ट घाला आणि त्यावर स्वेटर व वारा अडवणारं जाकीट चढवा.

ओझं वाढतं, हा आक्षेप रास्त आहे. पण दोघांपैकी एकाचा पाय वाटेतल्या लोखंडी शिडीवर मुरगळला, तर दुसऱ्याला त्याच्यापाशी थांबावं लागेल किंवा मदतीसाठी त्याला एकटं सोडून बारीत उतरावं लागेल. दोन्ही वेळी जखमी माणूस तासन्‌तास गारठ्यात बसून राहणार, आणि तेव्हा हेच किलोभर कपडे त्याला तगवतील. शक्यतो तिसरा सोबती घ्याच, आणि परतायची वेळ घरी सांगून निघा.