साठ्याची वही: एक कोड, तीन तक्ते



गेल्या दिवाळीनंतर आपल्या विक्री केंद्रातल्या कैरीच्या लोणच्याच्या अठरा बरण्या फेकून द्याव्या लागल्या. मुदत उलटून गेली होती आणि वहीत ते कुणाला दिसलंच नाही. ज्या गटाने उन्हाळ्यात राबून तो माल केला, त्यांचे पैसे बुडाले. चूक लिहिणाऱ्या ताईंची नाही, माझी. ती वही मीच आखून दिली होती.

मी काय केलं होतं? सगळ्या मालाला एकच मोठा तक्ता. वजन, घटक, मुदत, लांबी, कापड, रंग असे वीस रकाने. पापडाच्या ओळीत कापड रिकामं, गोधडीच्या ओळीत मुदत रिकामी. मग लोणच्याची मुदत लिहायची राहिली, तरी ते रिकामं घर कुणाला खटकणार?

आता तीन तक्ते करूया.

१) वस्तूंची यादी: सगळ्यांना लागू होईल तेवढंच. कोड, नाव, प्रकार, विक्री किंमत. एका वस्तूची एकच ओळ.

२) खास माहिती: प्रत्येक प्रकाराचं वेगळं पान. खाद्यपदार्थांच्या पानावर कोड, निव्वळ वजन, घटक. कापडी वस्तूंच्या पानावर कोड, लांबी-रुंदी, कापड. या पानांवर एकही घर रिकामं सोडायचं नाही.

३) बॅचची नोंद: कोड, बॅच नंबर, गटाचं नाव, बनवल्याची तारीख, मुदत, किती नग आले, किती गेले, किती शिल्लक. गोधडीला मुदत नसते, तिथे 'लागू नाही' असं स्पष्ट लिहा.

तुम्ही विचाराल, मुदत दुसऱ्या तक्त्यात का नाही? कारण लोणचं तेच, पण एप्रिलचा घाणा वेगळा आणि मेचा वेगळा. मुदत वस्तूची नसते, बॅचची असते. म्हणून विकताना तिसरा तक्ता बघायचा आणि ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी काढायचा.

तिन्ही तक्ते जोडणारा धागा म्हणजे कोड. लोणच्याला 'ख-०३' दिला की सगळीकडे तोच. नाव किंवा किंमत बदलली तरी कोड बदलायचा नाही, आणि वस्तू बंद झाली तरी तो दुसरीला द्यायचा नाही. उद्या एखाद्या गटाने बांबूच्या टोपल्या सुरू केल्या, तर फक्त एक नवीन पान वाढेल. जुन्या पानांना हात लावायची गरज नाही.

संगणकात यालाच रिलेशनल डेटाबेस म्हणतात. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये ही पद्धत मांडली. पण तिची सुरुवात आपल्या साध्या वहीतही होते.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या गटाच्या पाच वस्तू या तीन तक्त्यांत लिहून आणा. कुठे अडलं तर तसंच घेऊन या, आपण मिळून सोडवू.