घाटांतला रस्ता व गांवची खाण

सह्याद्रींतील ज्या वाड्यावस्त्यांना अद्याप डांबर लागलेलें नाहीं, तेथील खडीमुरमाच्या रस्त्यांची पावसाळ्यांत काय दशा होते, हें पालकांस सांगावयास नको. रस्ता तुटला म्हणजे एस्. टी. थांबते, दूध खालीं उतरत नाहीं, आणि अडलेल्या बाळंतिणीस डोलींतून न्यावें लागतें. असा रस्ता गांवाजवळच्याच दगडानें राखतां येईल काय, याचा येथें विचार करूं.

प्रथम हिशेब पाहावा. तीन मीटर रुंद व एक किलोमीटर लांब रस्त्यावर दहा सेंटिमीटर जाडीचा थर घालावयाचा, तर ३०० घनमीटर माल लागतो. फोडलेल्या दगडाचा घनमीटर सुमारें दीड टन भरतो. म्हणजे निदान ४५० टन झाले, व थर दाबल्यावर बसतो म्हणून प्रत्यक्षांत अधिकच. दहा टनी गाडीच्या या पंचेचाळीस खेपा होत. त्या चाळीस किलोमीटरांवरून आणाव्या कीं दोन, यावरच खर्च ठरतो. शिवाय दुरुस्तीचा माल आणणाऱ्या जड गाड्याच त्या रस्त्याचा चुराडा करितात, हें कोणी हिशेबांत धरीत नाहीं!

आतां दगडाविषयीं. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरांवर थर सांचून हा डोंगर झाला. पण सर्व थर सारखे नाहींत. कांहीं घट्ट व निळसर काळे असतात. कांहींत वायूच्या बुडबुड्यांचीं भोंकें राहून त्यांत पांढरीं खनिजें भरलेलीं दिसतात. पहिल्याची खडी टिकते, दुसऱ्याची लवकर झिजते. घणाचा ठोका मारावा: चांगला दगड खणखणतो, कुजका बद्द वाजतो. दगड कुजूनच मुरूम होतो, आणि तोहि हवाच. शुभवर्तमानांतील शहाण्या मनुष्यानें पायाखालीं खडक शोधिला. आम्हांस तो फोडून रस्त्याच्या पाठीवर घालावयाचा आहे.

मात्र नुसती खडी पसरून भागत नाहीं. मॅकॅडम (१७५६-१८३६) या स्कॉच अभियंत्यानें दाखविलें कीं, लहान, कोनदार तुकडे चाकांच्या भारानें एकमेकांत गुंततात. ओढ्यांतील गुळगुळीत गोटे तसे गुंतत नाहींत, ते घरंगळतात. आमच्या रस्त्यांस लहानमोठी खडी, बारीक चुरी आणि चिकटपणापुरता मातकट मुरूम यांचें मिश्रण लागतें. माती अधिक झाली तर चिखल, कमी झाली तर खडी उडून कडेला जाते. हें मिश्रण ओलसर असतांच पसरून रोलर फिरवावा; भर वैशाखांत कोरडें टाकलें तर धूळ होऊन उडतें. दसरा-दिवाळीच्या सुमारास जमिनींत ओल असते, तेव्हां हें काम उत्तम होतें.

खरा शत्रु गाडी नव्हे, पाणी. मॅकॅडमनेंहि खालची जमीन कोरडी राखण्यावरच भर दिला. म्हणून रस्त्याचा मध्यभाग कडेपेक्षां सहासात सेंटिमीटर उंच, कासवाच्या पाठीसारखा ठेवावा; डोंगराकडील गटार आणि मोऱ्या मृगापूर्वीं साफ कराव्या. एक तुंबलेली मोरी वर्षाची सारी खडी एका रात्रींत दरींत नेते.

खाण जवळ असली तरी ती कोठेंहि खणूं नये. तहसीलदार कचेरींतून परवानगी घेऊन सरकारी स्वामित्वधन भरावें लागतें. रस्त्याच्या किंवा घरांच्या वरच्या उताराचा पायथा कोरूं नये. आधार गेला कीं वरची माती पावसांत खालीं येते. दगड फोडतांना पाणी शिंपडावें, कारण ती धूळ कामकऱ्यांच्या फुप्फुसांत जाते. ज्या वडार बांधवांनीं पिढ्यान् पिढ्या घण चालविला, त्यांच्या खोकल्याची किंमत खडीच्या दरांत कधीं धरली गेली नाहीं. आणि काम संपल्यावर खड्डा तसाच टाकूं नये. पावसाळ्यांत तो भरतो, कडा निसरड्या होतात, व तळ दिसत नाहीं. त्याभोंवतीं कुंपण घालावें, आणि ज्यांची शाळेची वाट तेथून जाते, त्या मुलांनीं पोहण्यास तेथें उतरूं नये.