मदतनीस नसताना पाळणाघर

प्रश्न : मी घरीच पाळणाघर चालवते. आठ मुलं आहेत, त्यांत दोन तान्ही. कापूस वेचणी लागली की मदतनीस बाई शेतात जाते. मुलं काही फार नाहीत; दाराला आतून कुलूप घातलं की एकटीनं भागेल ना?
– एक वाचक, भडगाव

उत्तर : ताई, पाळणाघर बंद करायची वेळ आलेली नाही. कुलूप मात्र काढा. तुम्हालाच चक्कर आली तर मदत आत येणार कशी? मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर लॅच लावा, बाहेरून उघडायची किल्ली शेजारी द्या.

खरी अडचण दाराची नाहीच. एकाला उलटी झाली, की उरलेल्या सातांकडे बघायला कुणी नसतं. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेतही २५ मुलांमागे सेविका आणि मदतनीस, अशा दोघी धरल्या आहेत. म्हणून वेचणीच्या दिवसांत तान्ही मुलं घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढं जमत नसेल, तर सासूबाई म्हणा, शेजारीण म्हणा, हाकेसरशी येईल अशी एक बाई आधीच ठरवा. पालकांपासून हे लपवू नका.

स्वयंपाक मुलं यायच्या आत उरका. पाण्याची पिंपं झाकलेली, बादल्या पालथ्या. रांगतं मूल चार बोटं पाण्यातही बुडू शकतं. खाऊत शेंगदाणे, फुटाणे नकोत, घशात अडकतात. पालकांचे नंबर आणि रुग्णवाहिकेचा १०८ भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

तुम्हाला ताप असेल त्या दिवशी सरळ सुट्टी द्या. निरोप भल्या पहाटे गेला, तर आयांना दुसरी सोय बघता येते.